पंचनाम्यावरची सही



परवा माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची डायरी सापडली. मार्च 1976च्या एका पानावर एवढंच लिहिलंय : 'आज पंच म्हणून सही केली. वाचून केली.'

आणीबाणीचे दिवस. त्याच महिन्यात बाबूभाई पटेलांचं जनता मोर्चा सरकार पडून राष्ट्रपती राजवट आली होती. बडोद्यात डायनामाइट सापडलं होतं; जॉर्ज फर्नांडिसांवरचा गाजलेला खटला त्यातूनच उभा राहिला. गावात धास्ती होती.

एका रात्री दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात झडती आली. शेजारचा मुलगा चळवळीतला. पंच म्हणून आजोबांना उठवलं. कोरा कागद पुढे आला, "काका, अहीं सही करी आपो, बाकीनुं अमे लखी लईशुं." आजी दारामागून खुणावत होती, करून टाका एकदाची! घर पेन्शनवर चालत होतं. आजोबा म्हणाले, "आधी झडती, मग यादी, मग सही."

ते कायद्याचंच बोलत होते. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 100 सांगायचं : वस्तीतले दोन निःपक्ष, प्रतिष्ठित पंच हवेत, झडती त्यांच्यासमोर व्हावी, सापडलेल्या वस्तूंची यादी करून त्यांची सही घ्यावी, घरमालकाला हजर राहू द्यावं आणि यादीची प्रत द्यावी. बाईची झडती बाईनेच घ्यायची, तीही मर्यादा राखून. सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणं गुन्हा होता. न वाचता सही करायची सक्ती मात्र कुठेच नव्हती.

यादीत चार पत्रकं लिहिली गेली. मुलाला नेलंच. पण चाराची चाळीस झाली नाहीत.

पुढच्याच महिन्यात, 28 एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले. बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. 2017 साली खासगीपणाच्या खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवणारे शब्द लिहिले ते त्यांच्याच चिरंजीवांनी, धनंजय चंद्रचूडांनी. मधे 41 वर्षं गेली.

1 जुलै 2024पासून नव्या संहितेनुसार झडतीचं चित्रीकरणही करावं लागतं. तरी दोन पंच कायम आहेत. उद्या रात्री आपलं दार वाजलं, तर चष्मा लावून जा.

तुमच्या घरात अशी आठवण असेल तर जरूर लिहा.