आवाज वाढवू नका

बूट दाराशीच झटका. जॅकेट नायलॉनचं असेल तर तेही इथेच काढून ठेवा. थंडी वाजेल, पण त्याची सळसळ आत चालणार नाही.

जानेवारी १९९३. हेलसिंकीच्या पश्चिमेला साठेक किलोमीटरवर तुम्ही लोह्या गावात आला आहात. (नांदेडकरांनी दचकू नये, हे फिनलंडमधलं लोह्या.) सूर्य सकाळी नऊनंतर उगवलाय आणि चारच्या सुमाराला मावळेल. समोर संत लॉरेन्सचं मध्ययुगीन दगडी चर्च आहे. आत गेल्यावर मान वर करा. भिंती आणि छत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रांनी भरून गेलंय. मान हवी तितकी वळवा, पाय मात्र हलवू नका. बाकडी लाकडी आहेत आणि लाकूड चुगलखोर असतं.

मायक्रोफोनसमोर उभे आहेत ते एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायरचे गायक. आखातापलीकडच्या ताल्लिनहून आलेत. १९८१ मध्ये हा गायकवृंद उभा केला तोनु काल्युस्ते यांनी; हात उंचावून उभे आहेत तेच ते. सोबत ताल्लिनच्या चेंबर ऑर्केस्ट्राचे तंतुवादक आहेत. या मंडळींच्या देशाला पुन्हा स्वातंत्र्य मिळून दीड वर्षही झालेलं नाही. त्यांचं क्रोन हे चलन अवघ्या सात महिन्यांचं आहे, आणि रशियन फौजांची शेवटची तुकडी निघायला ऑगस्ट १९९४ उजाडणार आहे.

गायचंय ते आर्वो पॅर्त यांचं ‘ते देउम’. पॅर्त यांचा जन्म १९३५ सालचा, एस्टोनियातलाच. १९६८ मध्ये त्यांनी ‘क्रेदो’मध्ये ख्रिस्तावरची श्रद्धा उघड गाऊन घेतली आणि सोव्हिएत साहेबलोकांचं पित्त खवळलं. मग बरीच वर्षं ते जवळजवळ गप्पच झाले, जुनं चर्चगायन गिरवत बसले. १९७६ मध्ये पियानोच्या एका छोट्याशा रचनेतून परतले, तेव्हा सगळं पाल्हाळ गळून पडलं होतं. १९८० मध्ये त्यांनी देश सोडला. ‘ते देउम’ लिहिलं गेलं ते जर्मन रेडिओसाठी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात.

त्यांच्या पद्धतीचं नाव तिन्तिन्नाबुली, म्हणजे लहान घंटा. आपल्या भाषेत सांगायचं तर एक आवाज सरगमच्या पायऱ्या एकेक करून चढतो-उतरतो आणि दुसरा सतत त्याच्याजवळ राहतो, पण सा, ग, प एवढ्याच स्वरांवर पाय ठेवतो. बस, एवढंच. कागदावर हे पोरखेळ वाटतं. गायला लागलं की कळतं, लपायला जागाच नाही. एक श्रुती घसरली तरी उघडं पडायला होतं.

आता सुरू होतंय. आधी टेपवरून एक खोल, सलग घुमणारा नाद येतो, वाऱ्याने वाजणाऱ्या वीणेचा. तुमचा हात नकळत तानपुरा शोधू लागेल. मग पुरुषांचा वृंद, मग स्त्रियांचा, मग मिश्र. असे तीन गट आणि त्यांच्यामध्ये तंतुवाद्यं. तारांमध्ये वस्तू अडकवून आवाज बदललेला पियानो अधूनमधून टोला देतो. दुसऱ्या रांगेतल्या अल्टोच्या हातांकडे बघा. पान संपायच्या दोन ओळी आधीच तिनं कोपरा बोटात धरून ठेवलाय आणि कागद वाजू नये म्हणून ती तो उलटत नाही, उचलते. ‘सांक्तुस’ शब्दाचा शेवटचा ‘स’ सगळ्यांनी एका क्षणी सोडायचाय. एकाचा जरी मागे राहिला तरी या दगडी भिंती तो सापासारखा फुत्कारून परत देतील.

ओळ संपली. काल्युस्तेंचे हात हवेतच आहेत. आता कुणी श्वाससुद्धा सोडायचा नाही. स्वर छतापाशी विरतोय आणि हे विरणंही टेपवर जातंय. नेमकं याच वेळी तुमच्या पोटात गुरगुरतं. घाबरू नका, तुम्ही तीसेक वर्षांनंतरच्या काळातले आहात, मायक्रोफोनला ऐकू जात नाही. पण यंत्रांपाशी बसलेले निर्माते मानफ्रेड आयशर आणि ध्वनिमुद्रक पेटर लेंगर यांचे कान पाहता, मी तरी पैज लावणार नाही.

मला राहून राहून वाटतं, हे गप्प उभं राहणं या लोकांना गाण्यापेक्षा जड जात असेल. यांचा देश गाण्यानं मोकळा झाला. ११ सप्टेंबर १९८८ रोजी ताल्लिनच्या गीतमैदानावर जमलेला जनसमुदाय तीन लाखांच्या घरात होता, असं सांगतात. अख्ख्या देशाची लोकसंख्या तेव्हा पंधरा-सोळा लाख! त्याच दिवशी, देशाबाहेर, पॅर्त त्रेपन्न वर्षांचे झाले. लाखांच्या त्या गाण्यात सूर चुकला तरी कुणाला पत्ता लागला नसता. इथे एकट्याच्या गिळलेल्या आवंढ्याचाही हिशेब आहे. मला विचाराल तर स्वातंत्र्याची खरी परीक्षा दुसरीच. पहिल्यात निदान शेजाऱ्याचा आधार होता.

हात खाली आले. कुणीतरी खोकलं, मग सगळेच खोकले, हसले. पुन्हा एकदा घ्यायचंय. तुम्ही तोवर निघा.

हा अल्बम १९९३ मध्येच ‘ईसीएम’ कंपनीनं काढला. त्यात ‘ते देउम’खेरीज ‘सिलुआन्स साँग’, ‘मॅग्निफिकात’ आणि ‘बर्लिनर मेस’ आहेत. कधी लावलात तर एक करा: सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. पुढे तिन्ही वृंद एकदम उठतात.