टांकणखार आणि कोंवळा शेंडा

सोनार डाग देतांना सांध्यावर टांकणखाराची चिमूट टाकतो, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. संस्कृतांत ‘टंकण’ म्हणून ओळखला जाणारा हा क्षार पूर्वीं तिबेटकडील सरोवरांच्या कांठांवरून हिंदुस्थानांत येई. त्यांतील बोरॉन हें मूलद्रव्य इ. स. १८०८ मध्यें इंग्लंडांत डेव्ही यांनीं आणि फ्रान्सांत गे-ल्युसॅक व थेनार या जोडीनें वेगळें केलें. तथापि धातूचे सांधे जुळविण्यास साह्य करणारें हें द्रव्य वनस्पतींनाही लागतें, हें सिद्ध होण्यास आणखी शतकाहून अधिक काळ लोटला.

वनस्पतींत बोरॉन असतें, एवढें एकोणिसाव्या शतकांतच आढळलें होतें. पण तें तेथें काय करतें, हें गूढच होतें. इ. स. १९२३ मध्यें इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथील संशोधनकेंद्रांत कॅथरीन वॉरिंग्टन या विदुषीनें बाकल्याचीं रोपें बोरॉनविरहित द्रावणांत वाढविलीं. त्यांचे शेंडे काळवंडून मेले; बोरिक अम्लाचा केवळ लेश दिलेलीं रोपें मात्र जोमानें वाढलीं. याचें कारण इ. स. १९९६ मध्यें उलगडलें. पेशींच्या भिंतींतील पेक्टिनाच्या सांखळ्या बोरॉन एकमेकींशीं जखडून ठेवतें. नव्या भिंती उभ्या राहतात त्या शेंड्याशीं, कळींत आणि मुळाच्या टोंकाशीं. म्हणून टंचाईचा पहिला घाव तेथेंच बसतो.

आतां प्रश्न उरतो तो वाहतुकीचा. त्यासाठीं कर्जत स्थानकालगतच्या भिसेगांवाचें उदाहरण घ्यावें. कर्जत येथें इ. स. १९१९ पासून भातावर संशोधन होत आलें आहे. या भागांत वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. मातींतील बोरिक अम्लावर सामान्यतः विद्युद्भार नसतो. त्यामुळें माती त्यास घट्ट धरूं शकत नाहीं व पावसाबरोबर तें वाहून जातें. उरलेलें पाण्यासंगें मुळांत शिरून वर चढतें. परंतु पाण्याचा ओघ जातो तो पसरट पानांकडे, कारण बाष्प मुख्यतः तेथूनच उडतें. मिटलेल्या कळीच्या वांट्यास थोडेंच येतें. शिवाय जुन्या पानांतील नत्र काढून नव्यास देतां येतें, तसें बोरॉनच्या बाबतींत बहुतेक वनस्पतींना साधत नाहीं.

मग शेंडा जगतो कसा? इ. स. २००२ मध्यें जपानांतील ताकानो, फुजिवारा प्रभृति संशोधकांनीं मोहरीच्या कुळांतील एका लहानशा रोपांत बोरॉन जलवाहिन्यांत ढकलणारें प्रथिन शोधून काढलें. इ. स. २००६ मध्यें मातींतून बोरॉन आंत घेणारें द्वार सांपडलें आणि इ. स. २००७ मध्यें भातांतही तसेंच ढकलणारें प्रथिन आढळलें. बोरॉन मुबलक झालें कीं मोहरीच्या त्या आप्ताचें रोप हें प्रथिन स्वतःच मोडून टाकतें, कारण अधिक मात्रा विषासमान असते. सफरचंद व पीच यांची रीत मात्र निराळी. त्यांच्या रसांतील सॉर्बिटॉल नांवाचा शर्करासदृश पदार्थ बोरॉनला बांधून घेतो व जुन्या पानांतून कोंवळ्या फळापर्यंत पोहोंचवितो.

या इतिहासाचा बोध व्यवहाराचा आहे. नत्र कमी पडलें तर जुनें पान पिवळें पडून आगाऊ सूचना देतें. बोरॉन कमी पडलें तर जुनें पान हिरवेंच राहतें, आणि फुलोरा मात्र वांझ राहूं शकतो. केवळ जुनें पान पाहून पिकाची प्रकृति ठरविणारा येथें फसतो. म्हणून मातीची परीक्षा करून, फुलोऱ्यापूर्वीं व बेतानेंच बोरॉन देणें श्रेयस्कर.