तिसऱ्या बरोबरची गोष्ट

मागच्या शनिवारची रात्र एका चिन्हापायी गेली, मंडळी! बिलात सवलत ० आली की आमचं पान म्हणे, "रकाना रिकामा." जावास्क्रिप्टच्या == ला ० आणि रिकामी स्ट्रिंग सारखीच.

मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. (आमच्याकडे तेवढ्यात मीटिंगची वेळही ठरत नाही.) ही ढिलाई पुढे खुपली, पण == बदललं असतं तर त्यावर चाललेली पानं मोडली असती. म्हणून १९९९ च्या एक्मास्क्रिप्ट ३ मध्ये शेजारी === आलं.

सोमवारी मी ईएसलिंटमध्ये == वर बंदी घातली. सूट फक्त नल तपासताना. तिथे अनडिफाइन्डही त्याच फटक्यात सापडतं. टीममधले दोघं अजून फुगलेत.