पुदुच्चेरीच्या पिवळ्या भिंती आणि भोरचे पंतसचिव

पुदुच्चेरीच्या समुद्रालगतच्या वस्तीत फिरताना पिवळ्या भिंती, उंच कमानी आणि 'रू द्युमा'सारखी रस्त्यांची नावे पाहून मराठी पर्यटकास वाटते की आपण शिवकालीन फ्रेंचांच्या गावात आलो. वस्तुस्थिती निराळी आहे. इंग्रजांनी १७६१ मध्ये हे शहर जिंकून बव्हंशी जमीनदोस्त केले. आजची घरे त्यानंतरची. रस्त्यांची काटकोनी आखणी तर १६९३ मध्ये शहर घेणाऱ्या डचांची!

फ्रेंचांना तेथे टिकू दिले ते मात्र मराठ्यांनी. फ्रान्स्वा मार्तँने शेरखान लोदीच्या आश्रयाने तेथे बस्तान बसवले होते. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली, शेरखानाचा पराभव केला, तेव्हा मार्तँने वकील पाठवून महाराजांकडून अभय मिळवले. बारा वर्षांनी, पुदुच्चेरीपासून सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या त्याच जिंजीत छत्रपती राजाराम महाराजांची राजधानी आली.

छत्रपती कर्नाटकात, औरंगजेब महाराष्ट्रात. मग सह्याद्री कोणी राखला? संताजी-धनाजींची नावे सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्यामागे मुलूख आणि किल्ले सांभाळणाऱ्या रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण या जोडीकडे सहसा लक्ष जात नाही. वेल्ह्याचा तोरणा मोगलांकडून परत घेतला तो शंकराजींनीच. पुढे ते सचिव झाले. भोर संस्थानाचे मूळ पुरुष तेच.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले आणि शंकराजी विलक्षण पेचात सापडले. ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ त्यांनी घेतली होती. दुसरीकडे संभाजी महाराजांचा पुत्र बोलावत होता. शपथ मोडावी की धन्याच्या वंशाविरुद्ध शस्त्र धरावे? भोरजवळच्या आंबवडे येथे त्यांनी देह ठेवला. याला निव्वळ स्वामिनिष्ठा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दोन्ही बाजूंचे धनी एकाच घरातले असताना निष्ठा कोणाशी, हा प्रश्न त्या वर्षी अनेक सरदारांसमोर होता. बहुतेकांनी बाजू निवडली.

शाहू महाराजांनी सचिवपद शंकराजींच्या अल्पवयीन मुलाकडे, नारो शंकर यांच्याकडेच ठेवले. त्याच घराण्याचा एकोणिसाव्या शतकातला राजवाडा आज भोरमध्ये उभा आहे. चौक मराठी वाड्याचे, घाट बराचसा युरोपीय. चित्रपटांमुळे तो परिचयाचा झाला आहे. आंबवड्याची समाधी तेथून फार दूर नाही.