रंग कोठे असतो?

सोलापूरच्या चादरीची नक्षी आपण सर्वांनी पाहिलेली असते. ती मागावर कशी साठवलेली असते, हे पाहिलेले वाचक थोडे असतील. जकार्डच्या मागावर जाड पुठ्ठ्यांची साखळी फिरत असते आणि त्या पुठ्ठ्यांना केवळ भोके असतात. भोक आले की ताण्याचा धागा उचलला जातो, न आले तर तो जागीच राहतो. तेथे लाल उमटावा की निळा, याविषयी पुठ्ठा काहीच सांगत नाही. ते मागावर चढवलेल्या सुतावर ठरते. पुठ्ठे तेच ठेवून सूत बदलले, तर नक्षी तीच आणि चादर निराळी. लिनक्स संगणकावर फायलींची यादी रंगीत दिसावी म्हणून जी खटपट करावी लागते, तिच्या इतिहासात नक्षी आणि रंग यांची हीच फारकत पुन्हा भेटते.

हे साम्य केवळ अलंकारिक नाही. जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये ही यंत्रणा सिद्ध केली. भोकांच्या भाषेत माहिती साठवण्याची कल्पना हर्मन हॉलरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी राबवली. आयबीएमने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे कार्ड आणले, आणि पुढे संगणकाच्या पडद्यावरील ओळही बहुधा ८० अक्षरांचीच राहिली.

त्या ओळींत यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा युनिक्सच्या ३ नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मार्गदर्शिकेत आढळते. तिची साधी यादी म्हणजे नुसती नावे. कोणते नाव फायलीचे, कोणते डिरेक्टरीचे, हे पाहून कळत नसे. बर्कलीच्या युनिक्समध्ये यावर एक तोड निघाली: डिरेक्टरीच्या नावापुढे तिरकी रेघ, चालवता येणाऱ्या फायलीपुढे तारका. ही एक प्रकारची विरामचिन्हेच होत.

हा प्रश्न आपल्या पोथीलेखकांपुढेही होता. सलग लिहिलेल्या मजकुरात श्लोक कोठे संपला, अध्याय कोठे संपला, हे वाचणाऱ्याच्या डोळ्याला कळावे म्हणून ते दंड, श्लोकांक वा समाप्तिवाक्य हिंगुळाच्या नाहीतर गेरूच्या तांबड्या रंगाने खुणावत. चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो. तो रंग शोभेपुरता नसून वर्गीकरणासाठी होता. मात्र तो पोथीच्या अंगातच असे. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांनी संपादिलेल्या ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांचे हस्तलिखितांवरून छापील आवृत्तीत स्थलांतर होते, तेव्हा तांबड्या शाईचे काम ठळक टाइपाला, कंसांना आणि तळटीपांना करावे लागते. रंग जातो, त्याचे कार्य दुसऱ्या खुणांकडे सोपवले जाते.

संगणकाने उलट वाट धरली: खुणांकडून रंगाकडे. १९७६ च्या युरोपीय आणि १९७९ च्या अमेरिकी मानकाने पडद्यासाठी सांकेतिक आज्ञा ठरवल्या. अशा आज्ञांत ३१ म्हणजे लाल, ३२ म्हणजे हिरवा, ३४ म्हणजे निळा. हे आकडे म्हणजे जकार्डचे पुठ्ठेच! ३४ म्हटल्यावर नेमकी कोणती निळी छटा दिसावी, हे ज्याच्या त्याच्या पडद्याचा कार्यक्रम ठरवतो. १९९१ मध्ये लिनक्स आले आणि रंगीत पडदा घरगुती संगणकावर हाताशी होता. ग्रेग ली यांनी केलेल्या मूळ बदलांच्या आधारे पीटर ॲन्विन आणि डेनिस फ्लॅहर्टी यांनी ‘एलएस’ला रंग दिले, ही नावे त्या आज्ञेच्या मूळ संहितेत नोंदलेली आहेत.

रंग आणण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. कोणत्या प्रकारच्या फायलीला कोणता आकडा, याचा कोश ‘डिरकलर्स’ ही आज्ञा शेलच्या हाती देते. आणि ‘एलएस’ला रंगाचा पर्याय द्यावा लागतो. दर वेळी तो टंकावा लागू नये म्हणून बॅश शेलच्या आरंभफायलीत त्याचे उपनाम करून ठेवतात. आज पुष्कळ वितरणांत ही तजवीज आधीच असते. काळ्या पडद्यावर डिरेक्टरीचा गडद निळा वाचवेनासा झाला, तर कोशातला आकडा बदलावा, किंवा पडद्याचीच छटा उजळ करावी.

पर्यायाच्या मूल्यात मात्र एक मेख आहे. जुन्या नियतकालिकांच्या छायाप्रतींची सूची करताना आम्ही तेथे ‘ऑलवेज’ लिहिले आणि यादी एका फायलीत उतरवली. फायलीत प्रत्येक नावाभोवती आकड्यांचा आणि कंसांचा कचरा निघाला; सूचीची अकारविल्हे मांडणीही बिघडली. पडद्यावरचे रंग मजकुरात शिरले होते. ‘ऑटो’ लिहिले असते तर ‘एलएस’ने आधी पाहिले असते की यादी पडद्याकडे चालली आहे की फायलीकडे. पडदा असेल तरच ती रंग देते, एरवी नुसती नावे.

हा विवेक आपल्याही कामाचा आहे. वाचताना आपण संहितेत रंग भरतोच: हे रूपक, हा प्रक्षेप, ही पुढच्या पिढीची भर. भरलेच पाहिजेत, त्यावाचून नावांच्या रांगेत काहीच वेगळे दिसणार नाही. पण संहिता पुढच्या वाचकाच्या हाती देताना आपले रंग तिच्या अक्षरांत मिसळून गेलेले नसावेत. ते टीपेत, प्रस्तावनेत, वेगळे ओळखू येतील असे असावेत. पुठ्ठे पुढच्या विणकराच्या हाती जसेच्या तसे गेले, तरच त्याला आपल्या पसंतीचे सूत चढवता येईल.