अग्गञ्ञ: आरंभ आणि अग्रमान

पाली दीघनिकायातले सत्ताविसावे सुत्त 'अग्गञ्ञ सुत्त' या नावाने ओळखले जाते. टी. डब्ल्यू. आणि कॅरोलाइन ऱ्हीस डेव्हिड्स या दांपत्याने १९२१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्याला शीर्षक दिले 'अ बुक ऑफ जेनेसिस'. मराठी बायबलच्या भाषेत सांगायचे तर 'उत्पत्ती'. बौद्ध परंपरा विश्वाचा आरंभ कसा सांगते, असे कोणी विचारले की आजही बहुधा याच सुत्ताकडे बोट दाखवले जाते, आणि तेही या शीर्षकाच्या चष्म्यातून. भाषांतरकार म्हणून मला हे शीर्षक नेहमी खटकते. सुत्ताचा अर्धा अर्थ त्याच्याआड जातो, आणि तो अर्धा जास्त महत्त्वाचा आहे.

'अग्ग' म्हणजे संस्कृत 'अग्र'. काळाने जे आधीचे ते अग्र, आणि मानाने जे वरचे तेही अग्र. मराठीत या दोन्ही छटा अजून जिवंत आहेत: अग्रज म्हणजे आधी जन्मलेला, आणि अग्रपूजा म्हणजे पहिला मान. 'जेनेसिस'मध्ये काळ उरतो, मान गळून पडतो. या सुत्ताची चिनी आवृत्ती दीर्घागमात आहे. बुद्धयशस् आणि चू फोनिएन यांनी दीर्घागमाचे भाषांतर इ. स. ४१३ मध्ये चांगआन येथे पूर्ण केले. तिथल्या शीर्षकात 'युआन' हे अक्षर येते. चिनी बौद्ध भाषांतरांत हे अक्षर 'प्रत्यय' या पारिभाषिक शब्दासाठी रुळलेले आहे; म्हणजे काय कशामुळे घडले, याची संगती. त्या भाषांतरकारांना शीर्षकात आरंभ आणावासा वाटला नाही.

मुळात सुत्त सुरू होते ते विश्वापासून नव्हे, शिव्यांपासून. स्थळ सावत्थीचा पूर्वाराम. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भिक्खू होण्याच्या इच्छेने संघात राहत आहेत. संध्याकाळी प्रासादाच्या सावलीत बुद्ध फेऱ्या घालत असताना ते त्यांच्याजवळ जातात. बुद्ध विचारतात, घर सोडून आलात, तुमचे जातभाई काही बोलत नाहीत का? बोलतात, आणि काही कसर ठेवत नाहीत, असे दोघे सांगतात. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, तो ब्रह्म्याच्या मुखातून जन्मला, तुम्ही त्याला सोडून पायांतून जन्मलेल्यांत जाऊन बसलात, असा तो आरोप. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पुरुषसूक्त (१०.९०) ज्यांनी वाचले आहे त्यांना यामागची प्रतिमा ओळखता येईल. त्यावर बुद्धांचे पहिले उत्तर अगदी घरगुती आहे: ब्राह्मणांच्या बायकाही ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात, मग मुखातून जन्म कसला?

त्यानंतर 'सृष्टीची कथा' येते. तिची सुरुवातही आरंभापासून होत नाही. दीर्घकाळानंतर हे जग गुंडाळले जाते, तेव्हा बहुतेक जीव आभस्सर नावाच्या लोकात असतात. पुन्हा दीर्घकाळानंतर ते उलगडते. म्हणजे गोष्ट सुरू होण्यापूर्वीच जग होते, जीवही होते. ते मनोमय, स्वयंप्रकाशी, आनंद हेच त्यांचे अन्न. खाली पाणी आणि अंधार. दूध तापून निवल्यावर वर साय धरते, तशी पाण्यावर रसाळ पृथ्वी धरते. एकजण हावेने बोटाने चाखून पाहतो, मग सगळेच खातात, आणि अंगचा प्रकाश मावळतो. तेव्हा कुठे चंद्रसूर्य दिसू लागतात. दिवस, महिने, ऋतू मोजता येऊ लागतात. खाण्याने शरीरे जड होतात, कोणी देखणा तर कोणी कुरूप ठरतो, आणि रूपाचा गर्व सुरू होताच रसाळ पृथ्वी नाहीशी होते.

पुढचा साळीचा प्रसंग मला या सुत्ताचे केंद्र वाटतो. न नांगरता पिकणारी, कोंडा नसलेली साळ. संध्याकाळी कापली की सकाळी पुन्हा तयार. एका आळशाला वाटते, दोनदा कशाला जायचे? तो दोन्ही वेळचे एकदम आणतो. शेजारी ते पाहून दोन दिवसांचे आणतो, तिसरा चार दिवसांचे, चौथा आठ दिवसांचे. साठा सुरू होतो आणि साळीला तूस येते. कापलेल्या जागी ती पुन्हा उगवत नाही. मग शेतांना बांध पडतात, चोरी होते, खोटे बोलणे होते, मारहाण होते. शेवटी सगळे मिळून एकाला निवडतात: त्याने चुकणाऱ्याला जाब विचारावा, आपण त्याला साळीतला वाटा द्यावा. बहुतांनी संमत केलेला म्हणून तो 'महासम्मत', शेतांचा धनी म्हणून 'खत्तिय'. राजा देवाने नेमलेला नाही. लोकांनी धान्याच्या मोबदल्यात ठेवलेला आहे.

इतर वर्णांची नावेही अशाच, बऱ्याचदा खट्याळ, व्युत्पत्तींनी सांगितली आहेत. रानात कुट्या बांधून ध्यान करणारे ते 'झायक'. ज्यांना ध्यान जमेना ते गावांच्या कडेला येऊन ग्रंथ रचू लागले, लोकांनी त्यांना 'अज्झायक' म्हटले. वेदपाठकासाठीच्या आदराच्या शब्दाचा अर्थ इथे 'ध्यान न करणारा' असा लावला आहे. इंग्रजीत याला तळटीप लागते. मराठीत 'अध्यायक' एवढेच लिहावे: जोडून वाचले तर अध्ययन करणारा, 'अ' वेगळा काढला तर ध्यान न करणारा. रिचर्ड गोंब्रिच यांनी १९९२ च्या आपल्या लेखात हे सुत्त म्हणजे वैदिक सृष्टिकथांची थट्टा आहे, असे म्हटले, ते अशाच जागांच्या आधारे. मला थट्टा मान्य आहे, पण थट्टेखालचा युक्तिवाद गंभीर आहे: सर्व वर्ण त्याच जीवांतून, त्यांच्यासारख्यांतूनच निघाले, आणि माणसांत श्रेष्ठ धम्म, आधीचा जन्म नव्हे.

'आधीचा तो वरचा' ही समजूत बुद्धांनी ब्रह्मजाल सुत्तात थेट ब्रह्म्यालाही लागू केली आहे. जग उलगडताना एक जीव रिकाम्या ब्रह्मविमानात पहिला येतो. एकटेपणाने कंटाळतो, कोणीतरी यावे असे त्याला वाटते, आणि योगायोगाने इतर येतात. त्याला वाटते, माझ्या इच्छेने हे निर्माण झाले. त्यांना वाटते, हा आपल्या आधीपासून आहे, तेव्हा यानेच आपल्याला घडवले असणार. पुढे त्यांतला एक माणूस म्हणून जन्मतो, ध्यानात त्याला तेवढाच मागचा जन्म आठवतो, त्यापलीकडचे आठवत नाही. तो निर्मात्याचा सिद्धान्त सांगू लागतो. स्मृती जिथे संपते तिथे आरंभ मानला जातो. आपल्याला एखादी गोष्ट कशी कळते, याबद्दलचे इतके नेमके निरीक्षण एका छोट्या गोष्टीत बसवलेले क्वचित सापडते.

मुखातून जन्माच्या दाव्यावर असाच हल्ला महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) केला. मुखातून बाळंत होणाऱ्या ब्रह्म्याला विटाळ होत होता का, तो चार दिवस बाजूला बसत होता का, असा त्यांचा प्रश्न आहे. पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना १८८१ ची, म्हणजे दीघनिकायाची छापील रोमन आवृत्ती तेव्हा अजून यायची होती. वंशाचा अहंकार देहाच्या साध्या वस्तुस्थितीपुढे टिकत नाही, हे दोघांनीही ओळखले होते.

आज या सुत्तापुढे नवा धोका आहे. 'संवट्ट' आणि 'विवट्ट' या शब्दांचे 'आकुंचन-प्रसरण' असे भाषांतर झाले की लगेच महास्फोटाशी सांगड घातली जाते: पाहा, हे आधीच सांगितले होते! 'विवर्त' हा तत्सम शब्द वापरावा, तर मराठी वाचकाला अद्वैत वेदान्तातला विवर्तवाद आठवतो. म्हणून मी 'गुंडाळले जाणे' आणि 'उलगडणे' हे साधे शब्द पसंत करते. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'तही (धर्मानंद कोसंबींनी संपादलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९४० ची) जगाच्या नाशाचे आणि घडणीचे सविस्तर वर्णन येते, पण कुठे? पूर्वजन्मांच्या स्मरणाच्या प्रकरणात. तिथेही कल्पामागून कल्प मोजले जातात, पहिला कल्प सापडत नाही. जग शाश्वत की अशाश्वत, हा प्रश्न तर बुद्धांनी मालुंक्यपुत्ताला उत्तर न देताच बाजूला ठेवला होता.

खुद्द अग्गञ्ञ सुत्तात एक निरीक्षण पुन्हा पुन्हा येते: लोक जुना, 'अग्गञ्ञ' शब्द उच्चारत राहतात, पण त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो. नवरीला निरोप देताना धूळ, राख, शेण फेकण्याची त्या काळची रीत हे त्यातले एक उदाहरण. तिचा उगम, सुत्त म्हणते, लोक विसरले आहेत. वर्णांची नावेही तशीच, अर्थ हरवून मान तेवढा उरलेली. म्हणून या सुत्ताचे नाव मराठीत 'उत्पत्ती' असे होऊ नये, असे मला वाटते. 'अग्गञ्ञ' तसेच राहू द्यावे. शब्द अनोळखी वाटला तर वाचक त्याचा अर्थ विचारेल.