पाटकरी आणि पायथॉन

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर कित्येक पिढ्यांपासून फड पद्धतीने सिंचन होत आले आहे. बंधाऱ्यात अडवलेले पाणी पाटाने फडापर्यंत येते. शेतकरी मात्र मनाला येईल तेव्हा पाणी घेत नाही. सर्वांनी नेमलेला पाटकरी पाळीने ते देतो. पीक काढणारा एक, पाणी देणारा दुसरा. पायथॉन या संगणक-भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम इंटरनेटवर हजारो लोकांच्या वापरासाठी कसा खुला करावा, या प्रश्नाचे उत्तरही अशाच कामाच्या वाटणीत सापडले.

गिदो व्हान रॉसम यांनी पायथॉन १९९१ मध्ये सर्वांसाठी खुली केली. १९९३ मध्ये वेब सर्व्हर आणि प्रोग्रॅम यांना जोडणारी सी.जी.आय. ही पद्धत आली. वाचकाकडून मागणी आली की प्रोग्रॅम सुरू होई, उत्तर देई आणि बंद पडे. पुढच्या मागणीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दर पाळीला नवा पाट खणावा, तसेच हे झाले. गर्दी वाढली की संगणकाचा बराचसा वेळ नुसत्या सुरुवातीतच जाई.

यावर उपाय म्हणून प्रोग्रॅम सतत चालू ठेवण्याच्या युक्त्या निघाल्या. पण प्रत्येकाची जोडणी वेगळी. एका सर्व्हरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेलच असे नसे. डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी एक करार सुचवला. त्याचे नाव डब्ल्यू.एस.जी.आय. सर्व्हरने मागणीची माहिती ठरावीक रूपात द्यायची आणि प्रोग्रॅमने उत्तर ठरावीक रूपात परत करायचे, एवढेच त्याचे सार. हे यंत्र नव्हते, नवी भाषाही नव्हती. तो केवळ एक नियम होता. त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींपासून मोकळ्या झाल्या.

पुढची प्रगती या मोकळेपणातून झाली. अमेरिकेतील कॅन्सास राज्यातल्या एका स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झालेली जँगो ही चौकट २००५ मध्ये सर्वांना खुली झाली. २०१० मध्ये गनिकॉर्न आले. हा खरा पाटकरी. तो अनेक कामकरी प्रोग्रॅम आधीच तयार ठेवतो. आलेली मागणी मोकळ्या कामकऱ्याकडे जाते आणि एखादा कामकरी बंद पडला तर त्याच्या जागी नवा उभा राहतो. त्याच्या पुढे बहुधा एन्जिनएक्स हा सर्व्हर बंधाऱ्यासारखा राहून येणारी गर्दी अंगावर घेतो.

आता थोडे गणित करू. समजा, ९ कामकरी आहेत आणि एका मागणीला ०.२ सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४५ मागण्या पुऱ्या होतील. ९०० विद्यार्थ्यांनी एकाच क्षणी कळ दाबली तर शेवटच्याला सुमारे २० सेकंद थांबावे लागेल. लेखकाच्या टेबलावर, एकट्याने वापरताना, हा प्रश्न कधी दिसतच नाही. म्हणूनच जँगोसोबत येणारा सरावाचा सर्व्हर प्रत्यक्ष सेवेसाठी वापरू नये, असे तिचे कर्ते बजावून सांगतात.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे मुंबईच्या आय.आय.टी.तील फॉसी प्रकल्पाचे ‘यक्ष’. २०११ मध्ये एका परिषदेत पाहिलेल्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेवरून प्रा. प्रभू रामचंद्रन यांना याची कल्पना सुचली. जँगोवर उभारलेले यक्ष विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम तत्काळ चालवून तपासते. येथे धोका दुहेरी आहे. विद्यार्थ्याची एखादी चूक कधीच न संपणारे आवर्तन सुरू करू शकते, तर एखादा खोडकर सर्व्हरच्या फायलींना हात घालू शकतो. म्हणून प्रश्न दाखवणारा भाग वेगळा आणि उत्तर चालवणारा वेगळा ठेवला आहे. चालवणाऱ्याला वेळेची मर्यादा असते आणि अधिकार अगदी थोडे. एकाचे चुकले तरी बाकीच्यांची परीक्षा चालू राहते.

पाटकऱ्यालाही हेच साधायचे असते. एकाच्या शेतात पाट फुटला म्हणून टोकाचे शेत कोरडे राहता कामा नये. वर्गात प्रोग्रॅम शिकवताना ‘उत्तर बरोबर आले का?’ एवढ्यावर न थांबता ‘शंभर जणांनी एकदम विचारले तर?’ हेही विचारून पाहावे. प्रोग्रॅम लिहिणे आणि तो लोकांच्या हाती देणे, ही दोन वेगळी कामे आहेत, हे मुलांना त्यातून कळेल.